बाळाचं वजन अडलंय आणि आईही गप्प आहे

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली आहे. बाळ अडीच महिन्यांचं. जन्मतः वजन 2.8 किलो, दीड महिन्याला 3.7 आणि परवा 3.9. मुलीला जेवण जात नाही, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, मधूनच रडते. 'माझं दूध पातळ आहे, त्याला पुरत नाही' म्हणते. वरचं दूध सुरू करू का? – एक आजी, सातारा

उत्तर : वरच्या दुधाची घाई नको. तुमचे आकडेच सांगतात की दीड महिन्यापर्यंत दूध व्यवस्थित मिळत होतं. पुढच्या महिन्यात मात्र बाळ 200 ग्रॅमच वाढलं. या वयात निदान 600 ग्रॅम तरी हवं. त्याच काट्यावर, बाळाला उघडं करून पुन्हा वजन घ्या (झबलं-दुपट्याचेच दीड-दोनशे ग्रॅम भरतात) आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी, सुस्ती किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

दूध पातळ होत नाही. बाळ जितकं ओढतं तितकं ते तयार होतं. खचलेल्या आईला मूठ चोखणं, तोंड वळवून शोधणं या भुकेच्या खुणा टिपता येत नाहीत. बाळ रडून दमल्यावर पाजलं की ते चार घोट घेऊन झोपतं. पाजणं घटलं की दूधही घटतं. त्यात पाणी घातलेली बाटली आली की जुलाब ठरलेलेच.

बाळंतपणानंतरचा हळवेपणा पंधरा दिवसांत ओसरतो. अडीच महिन्यांनी हे चित्र असेल तर नैराश्याची तपासणी हवीच, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात झालेल्या अभ्यासात सुमारे 23 टक्के मातांमध्ये सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं. अशा मातांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाला आणि लांबीला कमी असण्याचं प्रमाण जास्त होतं. पण रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी मातांना समुपदेशन दिलं, तेव्हा नैराश्य निम्म्याहून खाली आलं, बाळांचे जुलाब घटले, लसीकरण वाढलं; वजन-उंचीत मात्र ठळक फरक पडला नाही. म्हणून आई बरी झाली की वजन आपोआप भरेल, असं धरून चालू नका. आठवड्याला वजन चालू ठेवा.

घरात : दर दोन-तीन तासांनी बाळ तुम्ही तिच्या कुशीत द्या, रात्रीसुद्धा. ढेकर, लंगोट, अंघोळ इतरांकडे. यातली एक वेळ तेवढी सोडून तिला सलग चार तास झोप मिळेल असं बघा. 'आम्ही नाही का वाढवली पोरं' हे वाक्य तेवढं टाळा.

जीव नकोसा झाल्याचं बोलली, भास होऊ लागले, तर तिला आणि बाळाला एकटं न सोडता तडक रुग्णालय गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या चालू केल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं. अंगावर पाजते आहे, हे मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगा. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मधेच स्वतःहून बंद करू नका.