ऑटोमॅटिकचं तेल घरीच बदलू का?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी ७० हजार किलोमीटर चालली आहे. गगनबावड्याचा घाट चढून आलं की दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना झटका बसतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, गिअरबॉक्सचं तेल बदलावंच लागत नाही. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो. हे जमेल का? – एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : जमेल, पण आधी गाडीचं पुस्तक उघडा. 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली बऱ्याच जाती नांदतात. एएमटी असेल तर आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीचं (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचं) तेल निराळं, ड्युअल क्लचचं (दोन क्लचवाल्याचं) निराळं. डबा लाल तेलाचा आहे म्हणून ओतलं, असं इथे चालत नाही. पुस्तकात छापलेलाच ग्रेड आणा. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारी, असं धरून पुढचं लिहितो.

'बदलावंच लागत नाही' हे मला पटत नाही. घाटात हे तेल तापतं, आणि तापलेलं तेल लवकर म्हातारं होतं.

गाडीखाली शिरून तेल सोडण्याआधी वरचा फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, सैल करून बघा. हे मी राजारामपुरीच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकलो. आधी खालून तेल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला, हलेना! दोन दिवस ती गाडी उद्यमनगरात माझ्या दारात स्टँडवर, आणि मालक रोज सकाळी हजर. स्टँड म्हणजे लोखंडी स्टँड बरं का. विटा नकोत, नुसता जॅकही नको.

निघालेलं तेल मापाच्या डब्यात धरा आणि तेवढंच नवं घाला. सगळं तेल निघणार नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. त्यामुळे पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा हेच करा. जुन्या गिअरबॉक्सला मशीन लावून दाबानं धुवायला मी तरी देत नाही. प्लगचा वॉशर नवा घाला.

खरी मेख पातळीत आहे. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद फिरवून परत पार्कमध्ये. मग पुस्तकात दिलेल्या तपमानाला पातळी बघायची. काही गाड्यांना डिपस्टिकच (पातळी बघायची पट्टी) नसते, तिथं पातळीसाठी दिलेल्या प्लगमधून तेल बारीक ओघळायला लागलं की पातळी बरोबर. जास्त झालं तर फेस होतो, कमी पडलं तर गिअर घसरतात. तपमान मोजायची सोय नसेल तर एवढ्यापुरतं गॅरेजला जा, त्यात कमीपणा नाही.

जुनं तेल गटारात सोडू नका, पंचगंगेत आधीच काय कमी आहे? कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आणि प्लगवर किंवा चेंबरमध्ये चुंबक असेल तर ते जरूर बघा. राखाडी मऊ लेप चालतो. लोखंडाचा कीस बोटाला टोचला किंवा तेलाला करपट वास आला, तर नवं तेल घालण्यात पैसे घालवू नका. आधी गिअरबॉक्स जाणकाराला दाखवा.