पासपोर्ट नवा झाला, परमिट जुनंच राहिलं

दारव्ह्याकडच्या एका वेल्डर भावाचा मेल परवा आला. सध्या कॅनडात सस्कॅचेवानमध्ये शेतीच्या अवजारांच्या शॉपमध्ये काम करतात. कंपनीनं दोन वर्षांसाठी नेलं पण वर्क परमिट मिळालं दहाच महिन्यांचं, कारण पासपोर्ट तेवढाच उरला होता (तो कधीकाळी दुबईच्या नादात काढलेला, घरी पेटीत पडून होता). तिथं गेल्यावर यांनी पासपोर्ट वेळेत नवा करून घेतला आणि मग निवांत बसले. परमिट संपून आज ४९ दिवस झाले, काम रोज चालू आहे, मालक म्हणतो काही होत नाही, रूममधला मित्र म्हणतो आपल्याला 'इम्प्लाइड स्टेटस' असते. आणि मला विचारतात काय, तर पुढच्या महिन्यात वर्ष भरते, पीआरची (म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवानगीची) फाइल टाकू का.

भाऊ, पीआर राहू द्या बाजूला. तुमच्या हातात ४१ दिवस आहेत, आधी ते बोलू.

असे मेल मला वर्षाला चार-पाच येतात, गाव बदलते, देश बदलतो, चूक तीच असते. आपल्याकडे बाप गेला म्हणून सातबाऱ्यावर पोराचं नाव आपसूक चढते का? वारसाची नोंद लावावी लागते, तलाठ्याकडे चकरा माराव्या लागतात, तेव्हा कुठे फेरफार होतो. तसंच पासपोर्ट नवा झाला म्हणून परमिट लांबत नाही. परमिट हा वेगळा कागद आहे, त्यावर एक तारीख छापली आहे, आणि ती तारीख यायच्या आधी मुदतवाढीचा अर्ज टाकावा लागतो. सोसायटीच्या कर्जाची ३१ मार्च तुमच्या घरात शेंबड्या पोराला पाठ असेल, अन ज्या कागदावर अख्खं घर चालते त्याची तारीख कोणी वाचली नाही याचं मला खरंच नवल वाटते.

आता तुमच्या मित्राचं. तो पूर्ण खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो, आणि अर्धं जास्त घातक असते. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत १८३ (५) आणि १८६ (यू) अशा दोन तरतुदी आहेत. परमिट जिवंत असताना तुम्ही मुदतवाढीचा अर्ज टाकला तर निकाल येईपर्यंत तिथं राहता येते, आणि देशातच राहून जुन्याच अटींवर कामही करता येते. याला आता मेंटेन्ड स्टेटस म्हणतात, आधी इम्प्लाइड म्हणायचे. सगळा खेळ त्या 'जिवंत असताना' मध्ये आहे. तुम्ही अर्जच टाकला नाही, त्यामुळे ही सवलत तुम्हाला लागूच नाही. मित्रानं स्वतः अर्ज टाकला असेल म्हणून त्याला लागू असेल.

तुम्हाला लागू आहे नियम १८२, म्हणजे रिस्टोरेशन. स्टेटस गेल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करून ते परत मागता येते, आणि त्याच अर्जात नवीन परमिटही मागता येते, फी मात्र दोन्हीची लागते. ९१ व्या दिवशी ही खिडकी बंद. आपल्या कोर्टात विलंब माफीचा अर्ज लावतो तसं इथं काही धरून चालू नका. मी स्वतः यवतमाळच्या कोर्टात एका वाटणीच्या दाव्यात नऊ वर्षं तारखा घेतल्या आहेत, त्यामुळे मला माहीत आहे, आपल्या लोकांना वाटते तारीख म्हणजे पुढं ढकलायची गोष्ट. तिकडं तसं नाही.

आणि आता कडू भाग. काम आजच बंद करा. सोमवारपासून नाही, हा हप्ता पुरा करून नाही, आज. रिस्टोरेशन मागितलं म्हणून काम करायची परवानगी मिळत नाही, नवं परमिट हातात आल्यावरच हेल्मेट डोक्यावर घालायचं. मालक 'काही होत नाही' म्हणतो तेव्हा त्याला लेट झालेल्या ऑर्डरची पडली असते, तुमच्या फाइलची नाही, खरं तर बिनपरमिटचा माणूस ठेवणं त्याच्याही अंगलट येऊ शकते. तुमचा सिन नंबर (पगारासाठी लागणारा तिथला सोशल इन्शुरन्स नंबर) ९ नं सुरू होत असेल, बघा. तो टेम्पररी लोकांचा असतो आणि त्याचीही मुदत परमिटबरोबरच संपते, म्हणजे तुमच्या प्रत्येक पगारपत्रकावर पुरावा छापला जाते आहे. घरी वडिलांनी वावरावर बोजा चढवून पैसे दिले हे तुम्ही लिहिलं आहे, दोन-तीन महिने पगार थांबला तर घरचं काय होईल हे मला समजते, मी याच मुलखातला आहे. पण बिनपरवाना कामाचा प्रत्येक दिवस तुमची बाजू हलकी करतो.

फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, मुदतीनंतर राहिलात का, विनापरवानगी काम केलं का. तिथं 'हो' लिहा आणि कसं झालं ते साध्या शब्दांत सांगा, पासपोर्ट कधी संपला, नवा कधी आला, काय समज झाला. लपवलं आणि सापडलं तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद. खरं लिहून अर्ज मंजूर होतोच असं मी म्हणणार नाही, शेवटी अधिकाऱ्याचा निर्णय आहे, पण पासपोर्टमुळं परमिट तुटलं ही बाजू तुमच्यासारख्याला मांडता येते.

तुमच्या फायद्याची एक गोष्ट दिसते. एलएमआयए, म्हणजे मालकाला परदेशी माणूस ठेवायची जी मंजुरी मिळते, ती दोन वर्षांची होती असं तुम्ही लिहिता. म्हणजे साधारण वर्षभर काम अजून त्याच मंजुरीत शिल्लक असावं, आणि पासपोर्टमुळं परमिट तुटलं असेल तर उरलेल्या मुदतीसाठी परमिट मागायची वाट बहुधा मोकळी आहे. मालकाकडून त्या पत्राची कॉपी आजच मागून घ्या, मुदत डोळ्यानं वाचा. नवीन एलएमआयए काढावी लागली तर अर्जाचे हजार डॉलर मालकानं भरायचे असतात, तुमच्या पगारातून कापता येत नाहीत, तो मागेल तर देऊ नका.

अमेरिकेच्या बॉर्डरवर जाऊन लगेच परतायचं, तिथंच परमिट मिळते, असंही कोणीतरी सांगितलं म्हणता. वर्क परमिटसाठी ते २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. आणि देशाबाहेर पाऊल टाकलं की रिस्टोरेशनच संपलं, म्हणून बहिणीच्या लग्नाला यायचं ते मनातून काढा, फोनवर पाहा.

पीआरचं थोडक्यात. कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास म्हणजे तिथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळायची वाट, तिला मागच्या तीन वर्षांतलं एक वर्षाचं स्किल्ड काम लागते, १५६० तास, आणि ते परवानगीनं केलेलं पाहिजे. तुमचे हे ४९ दिवस त्यात मोजले जाणार नाहीत. वर्ष भरत नाही भाऊ, दहा महिनेच आहेत. आठवड्याला ५५ तास राबता म्हणून लवकर भरेल असंही नाही, आठवड्याचे तीसच तास धरतात. नवं परमिट आलं की दोन महिन्यांत बाकी भरून निघेल. तोवर घरी बसून आयईएल्टीएसची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करा, जनरल ट्रेनिंगवाली, वेल्डरला चारही भागांत सीएलबी ५ (कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवरची पाचवी पायरी) लागते, म्हणजे या परीक्षेत बोलणं, ऐकणं आणि लिहिणं प्रत्येकी ५, वाचणं ४. अन बुटीबोरीच्या जुन्या मालकाकडून अनुभवाचं पत्र मागवून ठेवा, त्यात काम काय, तास किती, पगार किती हे लिहून घ्या. आपल्याकडचे शेठ लोक लेटरहेडवर 'चालचलन चांगली आहे' एवढंच लिहून सही ठोकतात, त्याचा काडीचा उपयोग नाही.

ज्या एजंटनं तुम्हाला पाठवलं तो आता हा रिस्टोरेशनचा अर्ज भरायला अडीच लाख मागतो, तर त्याला एक दमडी देऊ नका. आपल्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटला ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानं किती घेतले ते तुम्ही लिहिलं आहे, मी इथं छापत नाही, पण पावत्या असतील तर वडिलांना माझ्याकडे पाठवा, ते भांडण इथलं आहे, ते मी लढू शकतो. तिकडचा अर्ज मात्र पैसे घेऊन भरायचा मला अधिकार नाही. तो तिथल्या वकिलाकडून किंवा त्यांच्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजच्या सदस्याकडून भरा, नाव त्यांच्या रजिस्टरमध्ये शोधून मगच फी द्या.

आणि धाकटा भाऊ पण फिटर आहे, त्यालाही जायचं आहे असं शेवटी लिहिलंत. त्याचा पासपोर्ट पेटीतून काढायला सांगा अन शेवटची तारीख मला व्हॉट्सॲप करा.