चार बोटांचं अंतर : पी. टी. उषाबद्दल तुमचे प्रश्न

उषाचं ऑलिंपिक पदक एक शतांश सेकंदानं हुकलं म्हणतात. एवढा फरक डोळ्यांना दिसतो तरी का? (एक शिक्षक, सातारा)

नाही दिसत, म्हणून तर निकाल फोटो फिनिशवर, म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून लागला. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची, अंतिम शर्यत. तिसरी आलेली रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू ५५.४१ सेकंद, चौथी उषा ५५.४२. हिशेब करून बघा सर. सेकंदाला साधारण सव्वासात मीटरचा वेग, म्हणजे शतांश सेकंदात सातेक सेंटीमीटर. चार बोटं! आणि रेषेवर धरली जाते ती छाती. हात, पाय, डोकं नाही. छाती झोकायला आपण कमी पडलो, हे उषानंच सांगितलंय. आमच्या मैदानावर मी रेषेवर सुतळी धरून उभा राहतो, तर निम्मी पोरं हात पुढे करून सुतळीला शिवायला बघतात. ही सवय घालवता घालवता हंगाम जातो.

शंभर-दोनशे पळणारी मुलगी हर्डल्समध्ये गेलीच कशाला?

प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांचा डाव होता तो, आणि माझ्या मते बिनचूक. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तिला शंभर आणि दोनशेत रौप्य मिळालं होतं, पण जगाच्या शंभर मीटरमध्ये आपला निभाव लागणं अवघड. महिलांची ४०० मीटर हर्डल्स मात्र ऑलिंपिकमध्ये १९८४ ला पहिल्यांदाच आली. दहा हर्डल, प्रत्येकी ७६.२ सेंटीमीटर उंच, दोन हर्डलमध्ये ३५ मीटर. तेवढ्यात पावलं मोजून बसवावी लागतात. एक पाऊल चुकलं की हर्डलसमोर पाय अडखळतात आणि लय गेलीच. हे बसायला वर्षं लागतात. उषा या प्रकारात जवळजवळ नवखीच होती. त्यामुळे ‘पदक हुकलं’ म्हणून हळहळणाऱ्यांशी माझं जमत नाही. नवखी पोर चौथी आली, हे आधी बघा की!

जेवणाचे हाल झाले म्हणून हरली, हे खरं का?

ऑलिंपिक ग्राममध्ये आपण भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, शेवटच्या टप्प्यात त्याचा फटका बसला, असं ती स्वतः सांगते. दुसरं कारणही आहे. तिची सुरुवात झकास झाली होती, पण दुसऱ्या एका धावपटूच्या फॉल्स स्टार्टमुळे, म्हणजे ती इशाऱ्याआधीच सुटल्यामुळे, सगळ्यांना परत सुरुवातीच्या ब्लॉकवर बोलावलं. अशा वेळी पायातला ताण उतरतो, तो पुन्हा आणणं कठीण.

एकाच स्पर्धेत पाच सुवर्णं?

हो. जकार्ता, १९८५, आशियाई अजिंक्यपद. १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ × ४०० रिले. शिवाय ४ × १०० रिलेत कांस्य.

५५.४२ चा तो राष्ट्रीय विक्रम पुढे कुणी गाठला का?

गाठला, पण ३९ वर्षांनी. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तमिळनाडूची विथ्या रामराज हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत पळाली. घड्याळ थांबलं ५५.४२ वर. शतांशाचाही फरक नाही.