आधी विचारा, स्कॅन कशावरून केलं?

मागच्या अंकात जुन्या सिनेमांच्या डिस्कबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि घरी बघायची प्रत चांगली की वाईट हे कसं ओळखता असं वाचकांनाच विचारलं होतं. उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त आले, त्यातले पाच घेतोय. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

'पथेर पांचाली'ची ब्ल्यू-रे मुलाने बाहेरून मागवली. टीव्हीवर लावली तर सगळ्या चित्रावर बारीक वाळू हलतेय असं दिसतं. आमच्या जुन्या डीव्हीडीत चेहरे कसे गुळगुळीत दिसायचे. डिस्क खराब निघाली का? – एक वाचक, सातारा

नाही हो, डिस्क अजिबात परत करू नका! ती वाळू म्हणजे ग्रेन. फिल्मवर जो लेप असतो त्यात चांदीच्या संयुगाचे कण असतात, उजेड पडला की त्यांचंच चित्र तयार होतं, म्हणजे ते कण चित्रावर बसलेली घाण नाहीये, चित्रच त्या कणांचं बनलंय. ते पुसायला गेलात की त्यांच्याबरोबर पिक्चरमधल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पण पुसल्या जातात, साडीचं सूत जातं, काश गवताच्या फुलांचा नुसता पांढरा ढग होतो. तुमच्या डीव्हीडीत चेहरे गुळगुळीत होते कारण तेवढा बारकावा त्या डीव्हीडीत मावतच नव्हता.

हे पुसायचं काम मुद्दाम सुद्धा करतात, त्याला नॉइज रिडक्शन म्हणतात आणि जास्त झालं की माणसं मेणाची दिसायला लागतात. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'पॅटन'. पिक्चर ६५ मिलिमीटरच्या मोठ्या निगेटिव्हवर शूट झालेला, म्हणजे मूळ माल याहून चांगला मिळणं कठीण, आणि २००८ च्या ब्ल्यू-रेत ग्रेन इतका धुतला की कातडीचा पोतच गेला. लोकांनी आरडाओरडा केला, शेवटी २०१२ मध्ये नवी प्रत काढावी लागली. आता तर एआय वापरून हेच चाललंय, २०२४ मध्ये 'एलियन्स' आणि 'ट्रू लाईज'च्या फोर-के डिस्क आल्या त्यावरून केवढा वाद झाला! मला स्वतःला 'ट्रू लाईज'मधले चेहरे बघवले नाहीत.

एक काम मात्र आजच करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस अगदी खाली आणा, आणि ते मोशन स्मूद करणारं जे काही असेल ते पण बंद, त्याने सत्यजित राय यांचा पिक्चर सुद्धा डेली सोपसारखा दिसतो. मग पाच फुटांवर नाही, दहा फुटांवर बसून बघा. ग्रेन नीट एन्कोड झालेला, म्हणजे डिस्कवर नीट दाबून बसवलेला असेल तर तो बारीक आणि जिवंत दिसतो, दर फ्रेमला वेगळा. तो एका जागी गोठल्यासारखा किंवा चौकोनी ठिपक्यांसारखा दिसला तर मात्र तुमची तक्रार बरोबर आहे.

डिस्कवर 'फोर-के रिस्टोअर्ड' लिहिलेलं असतं ते खरं मानायचं का? दोन कंपन्यांच्या प्रतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक कसा पडतो? – एक वाचक, डोंबिवली

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. फोर-के म्हणजे स्कॅनर किती बारीक बघतो एवढंच, काय बघतो ते त्यात कुठे येतं? कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून जपून ठेवायला मास्टर पॉझिटिव्ह काढतात, तिच्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह, आणि तिच्यावरून टॉकीजला जाणाऱ्या प्रिंटा. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर काय होतं ते माहितीये ना, तसंच, दर पायरीला बारकावा कमी, काळं जास्त काळं, पांढरं जास्त पांढरं. त्यात प्रिंट गावोगाव फिरलेली, शंभर मशीनींतून ओढलेली. तिला फोर-के काय, एट-के स्कॅन केलं तरी ओरखडेच आणखी स्पष्ट दिसणार. उलट मूळ निगेटिव्हवरून नीट केलेलं टू-के स्कॅन बघताना अंगावर काटा येतो.

मग घरी बसून ओळखायचं कसं? मी तरी आधी चित्रावरचे डाग बघतो. पांढरे ठिपके असतील तर ती धूळ निगेटिव्हवरची, कारण निगेटिव्हवर जिथे उजेड अडतो तिथे पॉझिटिव्हमध्ये पांढरं उमटतं. काळे ठिपके आणि काळे केसासारखे तंतू हे प्रिंटवरचे. दुसरं म्हणजे रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल खूण चमकते, दोनदा, ती ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करायची सूचना असते. ती दिसली की बहुतेक वेळा प्रिंटवरूनच आलेलं समजा. रंगीत पिक्चर असेल आणि सगळं गुलाबी-लालसर दिसत असेल तर जुन्या प्रिंटमधला निळसर रंग उडालाय. मी एकदा 'डिजिटली रिस्टोअर्ड' लिहिलेला एक मराठी पिक्चर चांगले पैसे मोजून घेतला, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी त्या गोल खुणा, आणि खालच्या कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा लोगो पुसल्याचा धूसर चौकोन! म्हणजे टीव्हीवर लागलेली टेपच डिस्कवर चढवलेली. कंपनीचं नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

पण म्हणून मूळ निगेटिव्ह नसेल तर ती प्रत टाकाऊ, असंही समजू नका. सातारच्या वाचकांच्या हातात जी डिस्क आहे तिचीच गोष्ट बघा. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीत आग लागली, रायच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. जे उरलं ते फेकून न देता ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीच्या संग्रहात ठेवलं, वीस वर्षं तसंच. मग इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये ती कडक झालेली, वाकडी झालेली फिल्म द्रावणात भिजवून मऊ केली, जुने जोड काढून हाताने परत जोडली, आणि फोर-के स्कॅन केलं. 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला, 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त. 'अपूर संसार'च्या निगेटिव्हचं जे उरलं होतं ते वापरण्याजोगं नव्हतं, तो पूर्ण मास्टर पॉझिटिव्ह आणि डुप्लिकेट निगेटिव्हवरून केला. २०१५ मध्ये हे बाहेर आलं. म्हणून तिन्ही पिक्चर ओळीने बघताना मध्येच एखादा शॉट जरा मऊ, जरा जाड ग्रेनचा होतो, तो दोष नाही, तिथे जळालेलं निगेटिव्ह संपलं आणि दुसरी फिल्म सुरू झाली. माझ्या मते या लोकांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट ही की मऊ शॉट ओढूनताणून शार्प करायला गेले नाहीत.

आपल्या पुण्याचंही दुखणं असंच आहे. २००३ मध्ये तिथे फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट, म्हणजे जुन्या, झटकन पेटणाऱ्या फिल्म ठेवलेल्या खोलीत आग लागली आणि प्रभातच्या काळातला मूळ माल गेला. ज्यांच्या सेफ्टी, म्हणजे सहज न पेटणाऱ्या फिल्मवर नकला आधी काढल्या होत्या ते पिक्चर वाचले, म्हणजे त्यांच्यासाठी नक्कल हीच आता मूळ. तिथे 'एवढं शार्प का नाही' असं विचारण्यात अर्थ नाही, आहे ते किती जपून स्कॅन केलं तेवढंच बघायचं.

चांगलं काम करणारे लोक हे सगळं लपवत नाहीत. कोणत्या संस्थेकडची कोणती फिल्म वापरली, आवाज कुठून घेतला, हे पुस्तिकेत किंवा पिक्चरच्या सुरुवातीच्या पाटीवर सांगतात. 'मंथन'चं बघा, २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला, त्याचं चित्र पुण्याच्या संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून आणि आवाज जुन्या फिल्म जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या प्रिंटवरून, तसं त्यांनी स्पष्ट जाहीर केलंय. असं काहीच न सांगता नुसतं 'रिस्टोअर्ड' छापलं असेल तर मी खिशात हात घालत नाही.

एकाच डीव्हीडीत तीन पिक्चर स्वस्तात मिळतात. तीनदा पैसे का घालवायचे? – एक वाचक, नांदेड

हिशोब करून बघू. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतं. अडीच तासाचा एक पिक्चर टाकला तर सेकंदाला साधारण साडेसात मेगाबिट मिळतात, यालाच बिटरेट म्हणतात. तेच तीन टाकले तर अडीच. आवाज, सबटायटल त्यातूनच वजा. कॉम्प्रेशनची युक्ती अशी असते की आधीच्या फ्रेमसारखं जे आहे ते परत लिहायचं नाही, नुसता फरक लिहायचा. दोन माणसं सोफ्यावर बसून बोलतायत तोवर ठीक, पण पाऊस आला, धुकं आलं, गुलाल उधळला, की प्रत्येक फ्रेम नवी, आणि बिटरेट नाही म्हटल्यावर चित्राचे चौकोन पडतात. म्हणून कुठलीही डिस्क तपासायची तर सरळ पावसाचं गाणं लावा. नाहीतर दिवा मालवल्यावरची अंधारी खोली, भिंतीवर पायऱ्या-पायऱ्या दिसल्या किंवा काळ्यात सगळंच बुडालं तर एन्कोडिंग कच्चं.

ब्ल्यू-रेतही हेच. २५ जीबीच्या डिस्कवर तीन तासांचा हिंदी पिक्चर बसवला की आवाजासकट सेकंदाला अठरा-साडेअठरा मेगाबिट पडतात, ग्रेनवाल्या पिक्चरला ते तंगच. ५० जीबीची असेल तर मोकळा श्वास. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये कोडेकची, म्हणजे कॉम्प्रेशनच्या पद्धतीची माहिती उघडली की चालू बिटरेट दिसतो. पण एक सांगतो, बिटरेट भरपूर आणि स्कॅन फाटक्या प्रिंटचं, असं पण असतं, तेव्हा नुसत्या आकड्याला भुलू नका. आधी मूळ, मग बिटरेट.

माझ्या डीव्हीडीत गाण्यांचा सूर चढा का वाटतो? रेकॉर्डवर आणि डीव्हीडीवर एकाच पट्टीत पेटी लागत नाही. – एक वाचक, मिरज

तुमचा कान पक्का आहे! सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत २५ ची. सोपा उपाय म्हणून पिक्चरच किंचित पळवतात, चार टक्क्यांनी. दीडशे मिनिटांचा पिक्चर १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी चढतो, म्हणून पेटीवर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकतो. पिक्चरची मूळ लांबी माहीत असेल तर डिस्कची मिनिटं ताडून बघा, सहा मिनिटं कमी दिसली म्हणजे सीन कापलाय असं लगेच समजू नका. ब्ल्यू-रेत २४ फ्रेमच असतात त्यामुळे ही भानगड सहसा नाही. फक्त मूळ एका ट्रॅकचा मोनो आवाज आहे का बघा, जुन्या पिक्चरला नंतर चढवलेला फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे सहा स्पीकरांचा आवाज मला पोकळ वाटतो, सतार मागच्या भिंतीतून कशाला यायला हवी?

(आणखी एका वाचकांनी रंगीत केलेल्या 'हम दोनो'बद्दल विचारलंय. २०११ मध्ये त्याला रंग दिला आणि सिनेमास्कोपही केला. जवळपास चौकोनी फ्रेम तेवढी रुंद करायची तर वरून-खालून जवळजवळ ४० टक्के चित्र कापावं लागतं. मला विचाराल तर कृष्णधवलच घ्या. १९५९ चा 'कागज के फूल' मुळातच सिनेमास्कोपमध्ये शूट झालाय, तो रुंदच हवा.)

आजोबांची टुरिंग टॉकीज होती, जत्रेत तंबू लावायचे. माळ्यावर फिल्मचे अकरा डबे सापडले. उघडले तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. घरीच कुणाकडून स्कॅन करून घ्यावेत का? – एक वाचक, सांगली जिल्हा

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो. आधी काय करायचं नाही ते सांगतो. प्रोजेक्टरवर चालवू नका, गुंडाळी सोडून बघू नका, फडक्याने पुसू नका. तो वास म्हणजे ॲसिटेट (सेफ्टी) फिल्म कुजायला लागल्याची खूण, ती आक्रसते, ठिसूळ होते, आणि त्या वाफेने शेजारचे चांगले डबे पण बिघडतात. म्हणून वास येणारे डबे वेगळ्या खोलीत ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नको, घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी, हवा खेळती असलेली जागा बघा.

फिल्मच्या कडेला छोटी अक्षरं असतात. जेवढं टोक आपसूक दिसतंय त्यावर 'सेफ्टी' लिहिलंय का ते बघा. तसं नसेल, 'नायट्रेट' असेल किंवा फिल्म १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची वाटत असेल, तर तो डबा घराबाहेर सावलीत, वस्तीपासून आणि विस्तवापासून लांब ठेवा, कारण नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याने सुद्धा विझत नाही.

मग डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे, पिक्चरचं नाव आणि रीळ नंबर दिसेल असे फोटो काढा आणि पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे तिथे कळवा, मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनलाही पाठवा. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याकडे फिल्म देऊ नका, आक्रसलेली फिल्म साध्या मशीनच्या दात्यांवर फाटते आणि मग काहीच उरत नाही. 'शोले'ची मूळ निगेटिव्ह इतकी खराब झाली होती की २०२५ ची प्रत इंग्लंडमधल्या एका गोदामात सापडलेल्या रिळांचा आधार घेऊन करावी लागली. तुमच्या अकरा डब्यांत काय आहे ते उघडून बघणाऱ्या जाणकारालाच कळेल. नावं कळली की मला जरूर लिहा, आणि चिठ्ठ्या फाटक्या असल्या तरी काढून टाकू नका.