फ्लोटिंग पॉइंटची लगतची संख्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: 'सी' भाषेत डबलच्या (दशांश संख्या ६४ बिटांत साठवणाऱ्या प्रकाराच्या) लगेच पुढची संख्या काढायला मी एक्स या संख्येत डीबीएल_एप्सिलॉन हा तयार स्थिरांक मिळवते. १ ला उत्तर बरोबर येतं, पण १००० जागचा हलत नाही. असं का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ऐरोली)

कारण एप्सिलॉन म्हणजे १ आणि त्याच्या लगेच पुढची डबल संख्या यांतलं अंतर, बाकी कुठलं नाही. ते २ चा उणे ५२ वा घात, म्हणजे साधारण २.२२ × १०⁻¹⁶ इतकं आहे. आयईईई ७५४ (फ्लोटिंग पॉइंट संख्या साठवण्याचं मानक) नुसार डबलमध्ये अपूर्णांकासाठी ५२ बिट असतात, आणि २ चा प्रत्येक घात ओलांडला की लगतच्या संख्यांमधलं अंतर दुप्पट होतं. १००० पाशी ते १.१४ × १०⁻¹³ आहे, त्यामुळे बेरीज जवळच्या संख्येवर आणताना (राउंडिंग) एप्सिलॉन गळून जातो. ०.१ ला याच्या उलट होतं. एप्सिलॉन मिळवला की तुम्ही एकदम १६ पायऱ्या पुढे जाता आणि मधल्या १५ संख्या सुटतात. खुद्द १ च्या खालचं अंतरही वरच्या अंतराच्या निम्मंच आहे.

'सी'च्या सी९९ या आवृत्तीपासून मॅथ.एच मध्ये नेक्स्टआफ्टर(एक्स, वाय) हे फंक्शन आहे. एक्सपासून वायच्या दिशेने असलेली लगतची संख्या ते देतं. पुढची हवी असेल तर वायच्या जागी इन्फिनिटी द्या, मागची हवी असेल तर उणे इन्फिनिटी. सी२३ मध्ये नेक्स्टअप आणि नेक्स्टडाउनही आले आहेत, पण तुमच्या कंपायलरसोबतच्या लायब्ररीत ते आहेत का, हे आधी बघा. वर्गात एप्सिलॉन शिकवताना त्याच तासाला नेक्स्टआफ्टरही शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आमच्या अॅपमध्ये अक्षांश-रेखांश फ्लोटमध्ये (डबलच्या ३२ बिटांच्या लहान भावात) आहेत. घोडबंदर रोडवर हळू चालणाऱ्या गाडीचा पिन नकाशावर टप्प्याटप्प्याने उडतो. फ्लोटची पायरी, म्हणजे लगतच्या संख्यांमधलं अंतर, किती मोठी आहे ते पाहायला नेक्स्टआफ्टर वापरलं, तर तीच संख्या परत आली! (डेव्हलपर, ठाणे पश्चिम)

आधी ते परत येण्याचं पाहू. नेक्स्टआफ्टर डबलवर चालतं. तुमचा फ्लोट आधी डबल होतो, त्याच्या लगतची डबल संख्या मिळते, आणि ती फ्लोटमध्ये ठेवताना राउंड होऊन मूळ किमतीवर येते. कंपायलर बहुधा काही बोलत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. फ्लोटसाठी नेक्स्टआफ्टरएफ वापरा.

आता पायरी. ठाण्याचा रेखांश ७२.९७ च्या आसपास, म्हणजे ६४ आणि १२८ यांच्या मधला. तिथे फ्लोटची पायरी २ चा उणे १७ वा घात, सुमारे ०.०००००७६ अंश. आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, म्हणून ही पायरी जमिनीवर ८० सेंटिमीटरच्या घरात जाते. अक्षांश १९.२ ला मात्र ती २१ सेंटिमीटरच आहे. म्हणजे गाडी पूर्व-पश्चिम सरकताना पिन जास्त उडणार. नकाशा खूप झूम केला तर हे डोळ्यांना दिसतं. उडी याहून मोठी असेल तर दोष जीपीएसचा धरा. डबलमध्ये रेखांशाची हीच पायरी दीड नॅनोमीटरवर येते, तेव्हा साठवणीपासून हिशेबापर्यंत सगळीकडे डबलच ठेवा.

प्रश्न: पुढच्या संख्येसाठी सीनियर म्हणतात, पॉइंटर कास्ट करून (पॉइंटरचा प्रकार बदलून) डबलचे बिट्स पूर्णांक म्हणून वाचा आणि १ मिळवा, काम झालं. चालेल का? (महापे)

धन संख्यांना चालतं, आणि ते का चालतं हे समजून घेण्यासारखं आहे. घातांकाचे बिट अपूर्णांकाच्या वर असल्याने हातचा आपोआप घातांकात जातो. ऋण संख्येत मात्र १ मिळवला की तुम्ही शून्यापासून दूर, म्हणजे मागे जाता. उणे शून्याला हिशेब चुकतो, आणि इन्फिनिटीत १ मिळवला तर नॅन ('संख्या नाही' अशी खास किंमत) मिळतो. शिवाय पॉइंटर कास्टने स्ट्रिक्ट एलियासिंगचा नियम (एका प्रकारची मेमरी दुसऱ्या प्रकाराची म्हणून वाचू नये) मोडतो, त्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर उत्तर बदलू शकतं. बिट्स बघायचेच असतील तर मेमकॉपीने (मेमरीची नक्कल करणाऱ्या फंक्शनने) यूइंट६४_टी या ६४ बिटांच्या पूर्णांकात घ्या.

प्रश्न: शून्याच्या पुढची संख्या छापली तर ०.०००००० येते. (वाशी)

संख्या बरोबर आहे, छपाई अपुरी आहे. ती सबनॉर्मल (नेहमीच्या डबलहूनही लहान, शून्यालगतची) आहे, सुमारे ४.९४ × १०⁻³²⁴. प्रिंटएफचं %एफ दशांशानंतर सहाच अंक दाखवतं. %.१७जी वापरा, किंवा नेमकी किंमत हवी असेल तर %ए.