केएलएफची दुर्मिळ रेकॉर्डिंग्ज: आधी कॅटलॉग क्रमांक, मग नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: द केएलएफ या ब्रिटिश संगीतजोडीची जुनी रेकॉर्डिंग्ज चाहत्यांकडून मिळतात, पण एकाच नावाच्या चार-चार फाइली येतात. त्यातली कुठली ठेवायची, आपल्याकडची रेकॉर्ड इतरांना द्यायची तर कशी, आणि पुस्तकांचं काय?

पहिला नियम: ज्या फाइलीसोबत कॅटलॉग क्रमांक (प्रत्येक आवृत्तीवर छापलेला लेबलचा क्रमांक) नाही ती संग्रहात घेऊ नका, आणि तशी कुणाला देऊही नका. बिल ड्रमंड आणि जिमी कॉटी या जोडीने एकच गाणं वर्षानुवर्षं मोडून नव्याने बांधलं, म्हणून इथे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. 'व्हॉट टाइम इज लव्ह?' बघा. १९८८ची केएलएफ ००४टी म्हणजे मूळ 'प्युअर ट्रान्स' मिक्स, सगळा भार सिंथच्या एका आवर्तनावर. १९९०ची ००४एक्स म्हणजे 'लाइव्ह ॲट ट्रान्सेंट्रल', त्यात रॅप आहे आणि गर्दीचा गलका आहे, पण नावात 'लाइव्ह' असलं तरी काम स्टुडिओतलंच. १९९२च्या 'अमेरिका' आवृत्तीत गिटारी आहेत आणि डीप पर्पलमध्ये गायलेल्या ग्लेन ह्यूजेसचा आवाज आहे. शिवाय १९८९च्या जॅम्स एलपी ४ वर (जॅम्स हे याच जोडीचं आधीचं नाव) याच धूनीच्या इतरांनी केलेल्या आवृत्त्या आहेत. आता कुणी 'ओरिजिनल मिक्स' एवढंच लिहून फाइल पाठवली, तर त्यातून काय समजायचं?

दुसरी गोष्ट, दुर्मिळ कशाला म्हणायचं. मे १९९२ मध्ये दोघांनी निवृत्ती जाहीर केली आणि ब्रिटनमधला सगळा कॅटलॉग विक्रीतून काढून घेतला. परदेशी लेबलांकडे दिलेल्या आवृत्त्या मात्र पुढेही विकल्या जात राहिल्या. त्यामुळे 'द व्हाइट रूम'ची अमेरिकन सीडी दुर्मिळ नाही, तिला चढा भाव देऊ नका. खरोखर कमी आहेत त्या या: मार्च १९८७ची 'ऑल यू नीड इज लव्ह'ची एकाच बाजूची व्हाइट लेबल (कोऱ्या लेबलची) जॅम्स २३, 'इट्स ग्रिम अप नॉर्थ'ची करड्या व्हायनलवरची पहिली क्लब आवृत्ती, आणि एक्स्ट्रीम नॉइज टेरर या बँडबरोबरचं टपालाने विकलेलं 'थ्री ए.एम. इटर्नल' (केएलएफ ५ टीओटीपी).

'१९८७' हा पहिला एलपी (जॅम्स एलपी १) ॲबा या बँडच्या 'डान्सिंग क्वीन'चा तुकडा न विचारता वापरल्यामुळे मागे घ्यावा लागला. त्याच्या आणि १९९०च्या 'चिल आउट' अल्बमच्या चोरट्या प्रती बऱ्याच फिरतात. विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: दोन्ही लेबलं, कव्हरची कड, आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली अक्षरं. ती अक्षरं डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी एकेक करून ताडा. कव्हर स्कॅनवरून छापलेलं असेल तर बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात आणि फोटोत ठिपक्यांची जाळी उठते. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा.

त्या एलपीपेक्षाही '१९८७: द जॅम्स ४५ एडिट्स' (जॅम्स २५टी) मला जास्त मोलाची वाटते. आक्षेपार्ह सॅम्पल (इतरांच्या रेकॉर्डीतून उचललेले तुकडे) काढून त्यांनी तिथे शांतता ठेवली, आणि घरच्या टर्नटेबलवर मूळ रेकॉर्डी लावून त्या जागा कशा भरायच्या याच्या सूचना कव्हरवर छापल्या. म्हणून हिचं डिजिटायझेशन करताना सॉफ्टवेअरमधलं आपोआप ट्रॅक तोडणं आणि शांतता कापणं, दोन्ही बंद ठेवा. एका क्लिकमध्ये रेकॉर्डचा अर्थच निघून जातो. कव्हरच्या मागच्या बाजूचा स्कॅन सोबत नसेल तर ती फाइल अपुरी समजा.

रेकॉर्ड उतरवायची पद्धत सांगतो. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने पुसून पूर्ण वाळू द्या. सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकाप्रमाणे ठेवा, बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. खरखर काढायचा मोह आवरा. 'चिल आउट'मध्ये मेंढ्या, रेल्वे, रेडिओ यांचे आवाज इतके हळू आहेत की नॉइज रिडक्शन ते खरखरीबरोबरच खाऊन टाकतं. टर्नटेबलचा वेग स्ट्रोबने तपासा. वेग एक टक्का जास्त असला तर ४४ मिनिटांच्या या अल्बममधून साधारण २६ सेकंद कमी भरतात आणि सूरही चढतो. शेवटी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलीत) साठवा, फाइल बदललेली नाही हे तपासायचा चेकसम जोडा, आणि टेक्स्ट फाइलमध्ये कॅटलॉग क्रमांक, देश, कोरलेली अक्षरं, टर्नटेबल, कार्ट्रिज आणि तारीख लिहा.

आलेली फ्लॅक खरी आहे का हे स्पेकसारख्या स्पेक्ट्रोग्राम दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. चित्र १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखं संपत असेल तर ती बहुतेक १२८ केबीपीएसची एमपी३ फुगवून बनवलेली आहे. सीडीवरून घेतली असेल तर रिपिंगचा लॉग मागाच. आणि 'द ब्लॅक रूम' नावाचा पूर्ण अल्बम कुणी देऊ केला तर नको म्हणा. तो कधी पूर्णच झाला नाही, मिळतं ते इकडचं तिकडचं जोडलेलं असतं.

जानेवारी २०२१ पासून बराच माल अधिकृत स्ट्रीमिंगवर आला आहे. जे तिथे आहे ते तिथेच ऐका, त्याच्या फाइली वाटू नका. पण 'कम डाउन डॉन' म्हणजे 'चिल आउट' नव्हे. परवानगी नसलेली सॅम्पल काढून ते नव्याने बांधलं आहे. एल्विसचा 'इन द घेटो' ऐकायचा असेल तर १९९०चीच जॅम्स एलपी ५ हवी.

'वेटिंग' आणि 'द स्टेडियम हाउस ट्रिलॉजी'च्या ब्रिटिश व्हीएचएस पाल पद्धतीच्या आहेत, त्यामुळे आपल्याकडचा चालू व्हीसीआर पुरतो. अँटेनाच्या नव्हे, व्हिडिओ-ऑडिओच्या वायरने जोडा. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड तशीच ठेवा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालूच नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या टेपलाही लागते.

पुस्तकांत सगळ्यात आधी या दोघांनी लिहिलेलं 'द मॅन्युअल'. १९८८ची पहिली आवृत्ती केएलएफ ००९बी महाग आहे. वाचायलाच हवी असेल तर एलिप्सिसने काढलेली १९९८ची आवृत्ती घ्या. त्याच प्रकाशनाचं १९९७चं 'के फाउंडेशन बर्न अ मिलियन क्विड' स्कॉटलंडच्या जुरा बेटावर २३ ऑगस्ट १९९४ रोजी या दोघांनी जाळलेल्या दहा लाख पौंडांबद्दल आहे, आणि त्यातले फोटो नीट बघायचे तर छापील प्रतच हवी. जॉन हिग्ज यांचं केएलएफवरचं पुस्तक विकत मिळतं, त्याचे स्कॅन मागू नका. स्कॅन करून जपायला हव्यात त्या केएलएफ कम्युनिकेशन्स या त्यांच्या स्वतःच्या लेबलच्या माहितीपत्रिका: ६०० डीपीआय, रंगीत, दोन्ही बाजू, घडीच्या खुणांसकट. नुसता टाइप केलेला मजकूर देऊ नका, त्यांची मांडणी आणि टाइपही त्यांच्या कामाचाच भाग आहे.

रेकॉर्डी कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर उभ्या ठेवा, आतलं कागदी पाकीट बदलून पॉलिथिनचं घाला, आणि जूनपासून कपाटातली सिलिका जेल दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडी करा.