इरिंगाच्या वाटेवर किती उजेड उरलाय?

«ताई, आम्ही 2 वर्षांपासून टांझानियात, दार-ए-सलामला राहतो. जूनमध्ये साताऱ्याहून माझे आई-बाबा येताहेत. त्यांना गाडीने मिकुमीमार्गे इरिंगाला न्यायचं ठरतंय. अंतर सुमारे 500 किलोमीटर, म्हणजे एका दिवसात सहज होईल असं ह्यांचं म्हणणं. पण बाबांना मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात. धाकटी 4 वर्षांची आहे. मला धास्ती वाटते. जावं का?»

जा, जरूर जा. पण एका दिवसात नको.

500 किलोमीटर म्हणजे मुंबई-गोव्यापेक्षा कमीच, हा हिशेब आम्हीही केला होता. त्या रस्त्यावरचा आमचा एक दिवस तुम्हाला सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. बरोबर सासू-सासरे, दोन मुलं आणि चालकासह भाड्याने घेतलेली गाडी होती. पहाटे 5 ला निघायचं म्हणून मी आदल्या रात्री चालकाला फोनवर माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितलं, ‘सा तानो असुबुही’. तानो म्हणजे पाच. आम्ही पहाटेपासून डबे बांधून तयार होतो आणि गाडी आली सकाळी 11 ला, अगदी वेळेवर.

स्वाहिलीत तास मध्यरात्रीपासून मोजत नाहीत, दिवस उगवला की मोजायला सुरुवात होते. आपले सकाळचे 7 म्हणजे तिथला पहिला तास आणि 11 म्हणजे पाचवा. चालकाचं काही चुकलं नव्हतं, पण आमच्या हातातला जवळजवळ 5 तासांचा उजेड निघण्याआधीच गेला. विषुववृत्ताच्या एवढं जवळ असल्यामुळे तिथे बारा महिने दिवस साधारण 12 तासांचाच. संध्याकाळी सहा-साडेसहाला सूर्य बुडतो आणि लांबलेला संधिप्रकाश मिळतच नाही. बघता बघता काळोख होतो.

पुढचं सगळं त्या एका चुकीतून घडत गेलं. झांबिया आणि काँगोकडे जाणारे ट्रक याच रस्त्याने जातात. किबाहा ओलांडेपर्यंत आम्ही त्यांच्या रांगेत अडकलो. उशीर भरून काढायला चालकाने वेग वाढवला. गावातून जाताना तिथे 50 ची मर्यादा असते. पांढऱ्या गणवेशातल्या वाहतूक पोलिसाने थांबवलं, त्यात आणखी वेळ गेला. (दंड झाला तर पावती घ्या. हुज्जत घालू नका आणि पावतीशिवाय पैसेही देऊ नका.) चालिंझेला पोहोचेपर्यंत दुपारचे अडीच वाजून गेले होते. सासऱ्यांनी सकाळचं इन्सुलिन वेळेवर घेतलं होतं आणि जेवण मात्र झालं नव्हतं. मागच्या सीटवर ते गप्प झाले होते. मला वाटलं, थकलेत. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला तर तो गार, घामेजलेला आणि थरथरत होता. रस्त्याकडेच्या चहावाल्याकडून साखर मागून घेतली आणि पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी ते बोलायला लागले. ती मिनिटं मला अजून आठवतात.

म्हणून तुमच्या बाबांसाठी एवढं कराच. गाडी कुठेही अडकली असो, जेवणाची वेळ झाली की डबा उघडायचा. ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर त्यांच्या स्वतःच्या खिशात हवी, डिकीतल्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन बंद गाडीत ठेवून उतरू नका. उन्हात गाडी तापते आणि औषध वाया जातं. ते बर्फाला चिकटून राहिलं आणि गोठलं, तरीही वायाच जातं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवून तो डबा जवळ बाळगा. धाकटीला पुढे घाटात गाडी लागेल, तिचे कपडे हाताशी असू द्या.

मोरोगोरो सोडलं आणि वीसेक किलोमीटरवर मागचं चाक बसलं. तेव्हा साडेपाच झाले होते. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नव्हती. निघण्याआधी ती तपासायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्या वेळी मला खरोखर भीती वाटली. तेवढ्यात एक ट्रक थांबला. खाली उतरलेला माणूस आधी ‘पोले साना’ म्हणाला. दुसऱ्यावर काही ओढवलं की तिथे पहिल्यांदा हेच म्हणतात: तुमच्या त्रासाचं वाईट वाटतं. मग त्याने झाडाच्या फांद्या तोडल्या आणि गाडीच्या मागे थोड्या थोड्या अंतरावर रस्त्यात टाकल्या. पुढे गाडी बंद पडली आहे, हे मागून येणाऱ्याला त्यावरून कळतं. तिथल्या रस्त्यावर तुम्हाला अशा फांद्या दिसल्या, तर लगेच वेग कमी करा.

सासरे रस्त्याकडेला बसून सगळं ऐकत होते. ‘गारी’, ‘पांचा’, ‘जेकी’. ते म्हणाले, “अगं, मला तर सगळं समजतंय!” दुकानाला तिथे ‘दुका’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’, आणि चहा-चपाती तर आपलीच. सकाळपासून घाबरलेला तो माणूस या शब्दांनी सैल झाला. गावातली मुलं जवळ येऊन ‘शिकामो’ म्हणत होती. हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. त्यावर ‘मरहबा’ म्हणायचं असतं. मी सांगितलं तसं ते प्रत्येक मुलाला म्हणत राहिले.

चाक मोटारसायकलवरून गावातल्या फुंदीकडे, म्हणजे कारागिराकडे गेलं आणि दुरुस्त होऊन आलं तेव्हा सात वाजले होते. माझे यजमान म्हणाले, आता जाऊ या मिकुमीपर्यंत. चालकाने स्पष्ट नकार दिला. हा महामार्ग सुमारे 50 किलोमीटर थेट राष्ट्रीय उद्यानातून जातो. रात्री हत्ती, म्हशी रस्ता ओलांडतात. तिथे चाक पुन्हा बसलं, तर गाडीतून उतरणंही धोक्याचं. आम्ही मागे वळून मोरोगोरोला मुक्काम केला. त्या दिवसातला तेवढा एकच निर्णय आम्ही नीट घेतला, आणि तोही चालकामुळे.

तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी 6 ला निघा आणि मिकुमीलाच मुक्काम करा. दुपारी पोहोचाल, म्हणजे दोन-तीन तास गेले तरी उजेड हातात राहील. उरलेली वाट दुसऱ्या सकाळी करा. रुआहा नदीकाठची गोरखचिंचेची झाडं आणि किटोंगाचा चढ तुमच्या आईला शांतपणे बघता यायला हवा. ट्रकमागे गाडी हळूच चढू द्या, घाई नको. इरिंगा उंचावर आहे. जूनमध्ये तिथे रात्री चांगलीच थंडी पडते, त्यांना साताऱ्याहून स्वेटर आणायला सांगा. मलेरियाच्या गोळ्यांविषयी निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. भारतात परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर आफ्रिकेत जाऊन आल्याचं त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगायचं, हे दोघांकडून कबूल करून घ्या.

स्टेपनीची हवा तुम्ही स्वतः बघा. चालकाला वेळ सांगताना ‘सा कुमी ना म्बिली असुबुही’ म्हणा, म्हणजे तुमचे सकाळचे 6. आणि बाबांना ‘मरहबा’ हा शब्द ते विमानात बसण्याआधीच शिकवून ठेवा.